पहिल्या बैठकीचे निमंत्रण

प्रज्ञा प्रसून विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात, व त्याच्याच जोडीने ऐकलेल्या अधिवक्ता अमर जैन यांच्या याचिकेत, 30 एप्रिल 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निकालातील मुख्य तत्त्व, म्हणजे डिजिटल सेवांपर्यंत पोहोचता येणे हा संविधानाच्या 21व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग होय हे, मोलाचे आहेच. परंतु ज्या घटनेतून हे प्रकरण उभे राहिले तीही निरखून पाहण्याजोगी आहे. अ‍ॅसिडहल्ल्यात चेहरा आणि डोळे भाजलेली एक स्त्री बँकेत खाते उघडावयास गेली, आणि कॅमेऱ्यासमोर आहे ती जिवंत व्यक्तीच होय याची खातरजमा व्हावी म्हणून तिला पापण्यांची उघडझाप करावयास सांगण्यात आले. जी गोष्ट तिला करता येत नव्हती, नेमकी तीच तिच्या जिवंतपणाची खूण म्हणून यंत्राने मागितली.

यात कोणाचा दुष्ट हेतू होता असे मी मानीत नाही. पापण्यांची ही अट कोणीतरी सुचविली असेल, कोणीतरी ती मंजूर केली असेल, काही माणसांवर ती आजमावूनही पाहिली असेल. परंतु ज्यांच्या पापण्या हलत नाहीत असे कोणी त्या आजमावणीस हजर असते, तर हा दोष पहिल्याच दिवशी उघडकीस आला असता आणि त्यासाठी देशाच्या सर्वोच्च न्यायासनापर्यंत जाण्याची पाळी आली नसती.

एखादे अ‍ॅप, संकेतस्थळ किंवा यंत्र लोकांपुढे आणण्यापूर्वी ते वापरणाऱ्यांना भेटून, त्यांचे व्यवहार पाहून, कच्चा नमुना त्यांच्या हाती देऊन अडचणी टिपून घेण्याचा जो शिरस्ता आहे, त्याला त्या व्यवसायात युजर रिसर्च म्हणतात. अलीकडे हे काम पुष्कळदा व्हिडिओ कॉलवर चालते, आणि ज्यांना लोकलच्या गर्दीतून किंवा तालुक्याच्या गावाहून शहरातील कचेरीपर्यंत येणे दुष्कर, त्यांना तर हे मोठेच वरदान ठरावयास हवे. प्रत्यक्षात निमंत्रणच चित्राच्या रूपाने व्हॉट्सअ‍ॅपवर येते, ज्यातील अक्षरे अंध माणसाच्या फोनमधील स्क्रीन रीडरला पुष्कळदा अक्षरे म्हणून दिसतच नाहीत. नावनोंदणीच्या अर्जात वेडीवाकडी अक्षरे ओळखून दाखविण्याची अट असते. संमतिपत्र हा स्कॅन केलेला कागद असतो. अशा रीतीने जो उमेदवार उंबरठ्यावरूनच परततो, त्याचा नकार कोणत्याही दफ्तरी नोंदला जात नाही, आणि अहवालात मात्र सर्व सहभागींनी काम विनासायास पूर्ण केले असे खरेखुरे वाक्य छापले जाते. मला या सगळ्यात सर्वांत घातक वाटते ते हे वाक्य, कारण ते खोटे नसते.

बरे, निमंत्रण पोहोचले असे धरले, तरी बैठकीची रीतच आड येते. संशोधक म्हणतो, काम करता करता मनात येईल ते मोठ्याने बोलत राहा. अंध व्यक्तीच्या कानात त्या वेळी स्क्रीन रीडर बोलत असतो, तोही सवय नसलेल्याला एक शब्द कळू नये अशा वेगाने. ती बोलली तर ऐकू शकत नाही आणि ऐकत राहिली तर बोलू शकत नाही. त्यातून स्क्रीन शेअर करताना संगणकाचा आवाज पाठविण्याचा पर्याय निवडावयाचा राहिला, तर संशोधकाला नुसता मुका पडदा दिसतो आणि समोरची व्यक्ती गोंधळून थांबली आहे असा तो ग्रह करून घेतो. कर्णबधिर व्यक्तीची अडचण निराळी, पण तितकीच उघड आहे: तिचे हात माउसवर असतील तर ती खुणा कशा करणार, आणि डोळे दुभाष्याकडे असतील तर पडदा कसा पाहणार? उपाय अवघड नाहीत. एक टप्पा पुरा होऊ द्यावा, मग थांबून विचारावे. दुभाष्याची चौकट मोठी व स्थिर ठेवावी आणि ध्वनिचित्रमुद्रणात तीही घ्यावी. वेळ दुप्पट राखावा. लेखी प्रश्नावली पाठविली म्हणजे भागले असेही समजू नये, कारण भारतीय सांकेतिक भाषेला स्वतःचे व्याकरण आहे आणि लिखित मराठी ही पुष्कळ कर्णबधिरांची पहिली भाषा नव्हे.

दूरस्थ पद्धतीचा एक लाभ मात्र मनापासून मान्य केला पाहिजे. आपल्याच फोनवर, आपल्या सवयीच्या आवाजात व वेगात माणूस जसा वावरतो, तसा तो परक्या प्रयोगशाळेत कधीच वावरत नाही. ज्या घरात एकच फोन चौघांत फिरतो, तेथे मात्र संशोधकानेच उठून गेले पाहिजे.

न्यायालयाच्या निर्देशांपैकी एक असा आहे की, अ‍ॅप किंवा संकेतस्थळ घडविताना, अथवा नवी सुविधा आणताना, संबंधित संस्थांनी स्वीकृतीच्या चाचणीत अंध व्यक्तींचा समावेश करावा. निर्देश स्वागतार्ह आहे, तरी तो मला अपुरा वाटतो. स्वीकृतीची चाचणी येते ती शेवटी. तोवर कंत्राट दिलेले असते, उद्घाटनाची तारीख ठरलेली असते, आणि सापडलेला दोष पुढील आवृत्तीसाठी बाजूला ठेवला जातो. शिवाय 2016च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने अपंगत्वाचे 21 प्रकार मोजले आहेत, आणि या निर्देशात नाव आहे ते फक्त अंधांचे. अगदी आरंभीचे नमुने नुसती चित्रे असतात, त्यांत स्क्रीन रीडरला वाचण्यासारखे काही नसते, म्हणून अंधांना मागाहून बोलावतो, असा युक्तिवाद ऐकू येतो. तर मग नमुना साध्या मजकुराच्या पानांचा करावा, किंवा आज चालू असलेले अ‍ॅप ते कसे वापरतात, कोठे अडतात आणि कोणाला हाक मारतात, एवढे तरी आरंभी पाहून घ्यावे.

खर्चाची सबब मला पटत नाही. दुभाष्याचे मानधन, सोबत्याचा प्रवासखर्च, वाढीव वेळ आणि सहभागीचा मोबदला ही चार शीर्षके अंदाजपत्रकात आरंभीच घातली, तर ती मागाहून करावयाच्या दुरुस्तीपुढे क्षुल्लक ठरतात. बँका, महापालिका आणि सरकारी खाती यांत निविदांचे मसुदे तयार करणारे जे वाचक हे सदर वाचीत असतील, त्यांना माझी विनंती आहे की, पुढील निविदेत दिव्यांग सहभागींना पहिल्या बैठकीपासून, रास्त मोबदला देऊन बोलाविण्याचे एक कलम त्यांनी घालावे, आणि ते पाळले गेल्याचा दाखला मिळाल्याखेरीज पहिल्या हप्त्याचे बिल मंजूर करू नये.