पोट भरलेले, तरी पाठलाग सुटत नाही

नामपूर (ता. बागलाण) : मोसम खोऱ्यातील मळ्यांवर दिवेलागणीला कुत्र्याची साखळी सोडण्याचा रिवाज जुना आहे. डाळिंबाची बाग, कांद्याची चाळ आणि गोठा यांची राखण त्याच्यावर सोपवून घर निर्धास्त झोपी जाते. पहाटे तो अंगणात हजर असतो, भाकरी खातो आणि दिवसभर सावलीला पडून राहतो. मधले आठ-नऊ तास तो कोठे होता, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. शेजारच्या वस्तीवर शेळ्या फाडलेल्या आढळल्या, तर पहिले नाव निघते ते बिबट्याचे. नाशिक जिल्ह्यात बिबट्यांचा वावर असल्याने ते स्वाभाविकही आहे. मात्र दर वेळी ते खरे असतेच असे नाही.

मारल्या गेलेल्या जनावराचे शरीर बरेच काही सांगते. बिबट्या बहुधा गळा धरतो आणि भक्ष्य आडोशाला ओढून नेतो. कुत्र्यांच्या हल्ल्यात मांड्या, पोट, शेपटीखालचा भाग आणि कान यांवर ठिकठिकाणी चावे असतात. अनेक जनावरे जखमी होतात, खाल्लेले मात्र थोडेच असते. ठशांतही फरक असतो. बिबट्या चालताना नखे आत ओढून घेतो, त्यामुळे त्याच्या ठशात नखांच्या खुणा सहसा नसतात. कुत्र्याच्या ठशात त्या स्पष्ट उमटतात. लांडग्याचा ठसा कुत्र्याच्या ठशाशी मिळताजुळता असल्याने तेथे निवाडा करणे अवघड जाते.

घरी दोन वेळ पोटभर खाणारे जनावर शिकारीला का निघते, हा यातील कळीचा प्रश्न. त्याचे उत्तर लांडग्यात आहे. कुत्रा हा लांडग्याच्या वंशाचा आणि माणसाच्या सहवासात तो किमान १४ हजार वर्षांपासून आहे. लांडग्याची शिकार ही पायऱ्यांची साखळी असते. सावजाकडे वळणे, नजर रोखणे, दबा धरून पुढे सरकणे, पाठलाग करणे, पकडणे, ठार करणे, फाडणे आणि शेवटी खाणे. अमेरिकी जीवशास्त्रज्ञ रेमंड व लॉर्ना कॉपिंजर यांनी २००१ मधील ग्रंथात दाखवून दिले, की माणसाने कुत्र्यांची पैदास करताना ही साखळी पुसली नाही, तिच्यातील कड्या कमी-जास्त केल्या. मेंढ्या वळविणाऱ्या बॉर्डर कॉलीमध्ये नजर, दबा आणि पाठलाग तीव्र झाले, चावा दबला. रिट्रीव्हर पक्षी तोंडात धरून आणतो, पण चिरडत नाही. टेरिअर उंदीर पकडून झटक्यात मारतो. आपल्याकडील मुधोळ आणि कारवान कुत्रे दृष्टीच्या बळावर धावणारे. पळणारी वस्तू दिसली, की त्यांचे पाय थांबत नाहीत. गावठी कुत्र्याची अशी हेतुपुरस्सर निवड झालेलीच नाही, त्यामुळे त्याच्यात या कड्या कमी-अधिक प्रमाणात शिल्लक राहिल्या आहेत.

यातील महत्त्वाची बाब अशी, की प्रत्येक पायरी कुत्र्यासाठी स्वतंत्रपणे सुखाची असते. पाठलागाला भुकेचे कारण लागत नाही. दावणीला बांधलेली शेळी घाबरून उड्या मारते, ओरडते. तिची ती हालचालच पुढच्या चाव्याला निमंत्रण देते. एकीवर भागत नाही, ते यामुळेच. मालकाला हे पटत नाही, कारण शिकारीत रागाचा लवलेश नसतो आणि सकाळी तोच कुत्रा पोरांच्या अंगाखांद्यावर खेळत असतो. ‘आमचा कुत्रा असे करणार नाही’ हे वाक्य बहुतेक प्रामाणिकपणेच उच्चारले जाते!

सोलापूर जिल्ह्यातील नान्नजच्या माळरानावर अबी वनक आणि मॅथ्यू गॉम्पर यांनी केलेल्या अभ्यासात मोकाट फिरणाऱ्या कुत्र्यांच्या आहाराचा मोठा भाग माणसाकडून मिळणाऱ्या अन्नाचा असल्याचे दिसले. तरीही कुत्र्यांच्या वावराने तेथील खोकडांना आपला वावर बदलावा लागत होता. चंद्रिमा होम, यशवीर भटनागर आणि वनक यांच्या २०१८ मधील अभ्यासात, ऑनलाइन सर्वेक्षण व वृत्तपत्रीय नोंदींच्या आधारे, भारतात कुत्र्यांनी ८० वन्यजीव प्रजातींवर हल्ले केल्याचे नमूद झाले. त्यांपैकी ३१ प्रजाती धोक्यातील आहेत. नाशिक जिल्ह्यातच येवला तालुक्यात ममदापूर संवर्धन राखीव क्षेत्र आहे. तेथील काळवीट उन्हाळ्यात पाण्याच्या शोधात वस्त्यांजवळ येतात, तेव्हा कुत्र्यांच्या तावडीत सापडतात. मोकळ्या माळावर काळविटाला गाठणे कुत्र्याच्या आवाक्याबाहेरचे; पण चिखलात, कुंपणाशी किंवा पाडस सोबत असताना चित्र पालटते.

२०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांमुळे भटक्या कुत्र्यांचा प्रश्न देशभर गाजला. चर्चा मात्र शहरांतील चाव्यांभोवती फिरली. मालक असलेला पण रात्री मोकळा असलेला कुत्रा या चर्चेत कोठेच बसत नाही. २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनी पाळीव कुत्र्याच्या लसीकरणाची व निर्बीजीकरणाची जबाबदारी मालकावर टाकली आहे. निर्बीजीकरणाने भटकणे कमी होऊ शकते, शिकारीची ओढ जात नाही. भारतीय न्याय संहितेचे कलम २९१ प्राण्याबाबतच्या निष्काळजीपणाला शिक्षा सांगते, परंतु माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर दुखापतीची शक्यता असेल तरच. शेळीचा तेथे विचार नाही. वन विभागाच्या भरपाईच्या यादीत बिबट्या, लांडगा आहेत, रानकुत्राही आहे. पाळीव कुत्रा नाही. उरतो दिवाणी दावा. दोन शेळ्यांच्या किमतीसाठी कोण न्यायालयाच्या पायऱ्या झिजविणार? बिबट्याचे नाव पुढे करण्यामागे भीतीबरोबर हा हिशेबही असू शकतो. भरपाई हवी, तर जनावर वन्यच असावे लागते.

उपाय अवघड नाहीत, गैरसोयीचे आहेत. मेंढपाळ पिल्लू लहानपणापासून मेंढरांत वाढवितात. तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यांतील सहवासाचा ठसा खोल उमटतो आणि असा कुत्रा मोठेपणी कळपावर सहसा दात चालवीत नाही. परंतु ही ओळख त्याच कळपापुरती असते. शेजाऱ्याच्या शेळ्या आणि उसातला ससा तिच्या बाहेर राहतात. दिवसभर साखळीला जखडून ठेवणे हाही उपाय नव्हे, अशा कुत्र्याची साचलेली ऊर्जा रात्री सुटताच उसळते. दिवसा मालकासोबत शेतात फेरफटका आणि रात्री गोठ्यालगत कुंपणाच्या आत मोकळीक, ही व्यवस्था राखणीलाही पुरेशी आहे. कुत्रा भुंकला, की काम भागते. त्यासाठी त्याला शिवार धुंडाळावे लागत नाही. बिबट्यासाठी कुत्रा हे आवडते भक्ष्य असल्याने बंदिस्त जागा त्याच्याही जिवाला लाभदायकच ठरते.