विश्लेषण : हिंजवडी ‘नाही’ का म्हणत नाही?

‘भारतीय माणूस नाही म्हणत नाही.’ परदेशी ग्राहकाच्या कामावर रुजू होणाऱ्या हिंजवडीतील अभियंत्याच्या कानावर हे वाक्य कधी ना कधी पडतेच. प्रश्न एवढाच, की या समजावर कंपन्यांचे निर्णय किती चालतात?

हा समज पक्का कसा झाला?

डच संशोधक गीर्ट हॉफस्टेड यांनी आयबीएमच्या कर्मचाऱ्यांची १९६७ ते १९७३ या काळातील सर्वेक्षणे तपासून देशांना गुण दिले. त्यातला एक निकष ‘सत्ता-अंतर’, म्हणजे वरिष्ठांचा अधिकार कनिष्ठ किती मुकाट मान्य करतात. भारताला ७७, अमेरिकेला ४०, जर्मनीला ३५ आणि ऑस्ट्रियाला अवघे ११ गुण मिळाले. व्यवस्थापनाच्या वर्गांत हे आकडे आजही शिकवले जातात.

आकड्यांत खोट काय?

सर्वेक्षण एकाच कंपनीचे. ब्रेंडन मॅकस्वीनी यांनी २००२ मध्ये दाखवून दिले, की १५ देशांत उत्तरे देणारे २०० पेक्षाही कमी होते. पाकिस्तानात पहिल्या फेरीत फक्त ३७. आयबीएमने तर १९७८ मध्ये भारतच सोडला, तेव्हा हिंजवडीत शेती होती. देशाची सरासरी व्यक्तीला लावू नका, असे खुद्द हॉफस्टेड यांचे म्हणणे होते. शिवाय फ्रान्सचे गुण ६८ आहेत. तिथले संप पाहता फ्रेंच कामगार मुकाट असतात, असे कोण म्हणेल? आणि हिंजवडी ज्या मुळशी तालुक्यात येते, त्याच तालुक्यातील शेतकऱ्यांनी १९२१ मध्ये टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला होता.

निर्णयांवर परिणाम कसा होतो?

‘पुण्याची टीम सांगितलेले करते’ असे एकदा ठरले, की बजेट आणि डिझाइनवरची सही मुख्यालयाकडेच राहते. इकडे तारीख ठरवूनच येते. तीन महिन्यांचे काम सहा आठवड्यांत होणार नाही, हे टीम लीडला कळत असते; पण त्याचे अप्रेझल त्याच ग्राहकाच्या शेऱ्यावर अवलंबून. तो ‘बघतो’ म्हणतो, टीम रात्री जागते. तिकडे नोंद होते : बघा, हे नाही म्हणतच नाहीत. यात संस्कृती किती आणि सहीचा अधिकार नसणे किती? आमच्या मते दुसऱ्याचा वाटा मोठा आहे.

समज एकतर्फीच असतो का?

नाही. हिंजवडीतही कार्यालय असलेल्या कॉग्निझंटने भारतीय नसलेल्या कर्मचाऱ्यांशी भेदभाव केला, असा निर्णय ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेतील ज्युरीने दिला. कंपनीने तो अमान्य करत अपिलाची भूमिका घेतली. अशाच स्वरूपाच्या खटल्यात २०१८ मध्ये टीसीएसच्या बाजूने निकाल लागला होता.

नोकरी शोधणाऱ्यांनी काय पाहावे?

पुण्यात ‘ग्लोबल सेंटर’ची पाटी लावणाऱ्या कंपनीच्या मुलाखतीत पगाराबरोबर आणखी एक गोष्ट विचारायला हरकत नाही : डेडलाइन पुढे ढकलण्याचा अधिकार इथल्या कुणाला आहे?