खडकातील पाण्याची नाडी

उन्हाळा तोंडावर आला की धरणगाव परिसरातील शेतकरी विहिरीच्या तळाशी सुरुंग लावण्याचा विचार करू लागतो. धक्क्याने भेगा मोकळ्या होतात व पाणी वाढते, ही त्याची समजूत निराधार नव्हे. परंतु हाच सुरुंग एखाद्या वेळी असलेले पाणीही पळवून नेतो, आणि खर्च मात्र अंगावर राहतो.

जळगाव जिल्ह्यातील काळ्या पाषाणात पाणी राहते ते सांध्यांत, भेगांत आणि झिजलेल्या मुरमात. तापीकाठच्या गाळात ते वाळूच्या कणांमधून वाहते. हा प्रवाह दाबातील फरकावर आणि थराच्या पारगम्यतेवर अवलंबून असतो, हे दार्सी या फ्रेंच अभियंत्याने 1856 मध्ये दाखवून दिले. कंपनाने भेगेतील बारीक गाळ निसटला तर वाट मोकळी होते. तोच गाळ पुढे अरुंद जागी साचला तर ती बुजते. बंदिस्त थरातील विहिरीचे पाणी तर हवेचा दाब वाढला तरी किंचित उतरते.

दाबाचे सामर्थ्य महाराष्ट्राने कोयनेला पाहिले आहे. 1962 मध्ये जलाशयात पाणी साठू लागले, हादरे जाणवू लागले आणि 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे 6.3 प्रतीचा भूकंप झाला. साठ्याचा भार आणि भेगांतून खोल पोहोचलेला पाण्याचा दाब यांनी मुळातच ताणलेल्या प्रस्तरभंगाची पकड सैल केली, असे बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. पुढे हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने तेथे विंधनविहिरी खोदून पाण्याची पातळी सतत नोंदविली, तेव्हा भूकंपाशी निगडित चढउतार आढळून आले. 2001 च्या भूकंपात कच्छच्या रणातून पाणी उसळून वर आले, ते याच नियमाने.

राज्याच्या भूजल यंत्रणेकडून निरीक्षण विहिरींची पातळी मुख्यतः वर्षातून चार वेळा मोजली जाते. टंचाईचा अंदाज बांधण्यास ते पुरेसे असेल. काही मिनिटांत होऊन जाणारी हालचाल त्यातून कशी दिसावी? स्वयंचलित यंत्रे काही ठिकाणी बसली आहेत. ती प्रत्येक तालुक्यात हवीत, आणि जोडीला वायुभारमापकही हवा. सुरुंगापूर्वीची आणि नंतरची पातळी, आसपासच्या विहिरींसह, नोंदविण्याची सक्तीही व्हावी. म्हणजे कोणाच्या सुरुंगाने कोणाचे झरे तुटले यावरून बांधावर होणाऱ्या भांडणांत निदान पुरावा तरी समोर राहील. या नोंदी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागल्या, तर शाळेतील विज्ञानाच्या तासालाही त्यांचा उपयोग होईल.