जयंतीचे ताट आणि जूनच्या वह्या



१४ एप्रिल जवळ आला की दोन याद्या होतात. एक जयंती मंडळाची, दुसरी स्वयंपाकघराची. मंडळाची यादी चारचौघांत वाचली जाते, तिचा हिशेबही होतो. स्वयंपाकघराची यादी मात्र घरातील बाई मनातच करते आणि तिचा हिशेब जूनमध्ये कळतो.

काही वर्षांपूर्वी आम्ही मोठ्या हौसेने जयंतीला चाळीस माणसे जेवायला बोलावली. त्यासाठी पतपेढीचे कर्ज काढले. पुरणपोळी, मटण, गुलाबजाम, काही कमी ठेवले नाही. वाहवा झाली. पण मुलांची आई पहाटे चारपासून चुलीपुढे होती. पुणे स्टेशनजवळच्या बाबासाहेबांच्या पुतळ्याला हार घालून आम्ही परतलो, तेव्हा ती पोळ्या लाटत होती. रात्री मिरवणूक दारावरून गेली, तेव्हा ती भांडी घासत होती. आणि जूनमध्ये थोरलीच्या वह्या उधारीवर आणाव्या लागल्या. दुकानदार आमचे नाव खात्यावर मांडत असताना लेक खाली मान घालून उभी होती. बी.कॉम. झालेल्या आम्हांला घरचा जमाखर्च कळत नाही, हे त्या दिवशी कळले.

तेव्हापासून १३ तारखेला संध्याकाळी आम्ही स्वतः पिशव्या घेऊन, मुलांसह मंडईत जातो. या मंडईची गोष्ट मुलांना जरूर सांगावी. जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सभासद होते. मंडईच्या टोलेजंग इमारतीवर एवढा पैसा घालण्यास त्यांनी विरोध केला. तो पैसा शिक्षणाकडे वळवावा, हे त्यांचे म्हणणे. तरी इमारत झालीच. १८८६ साली तिला गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव दिले गेले. पुढे त्याच इमारतीला महात्मा फुले यांचे नाव मिळाले. बाबासाहेबांनी ज्यांना गुरू मानले, त्यांच्या नावाखाली उभे राहून आपण वांगी निवडतो. मग आधी शाळा की आधी थाटमाट, हा त्यांचा प्रश्न आपल्या पिशवीलाही लागू नको का?

गोडधोड करूच नये, असे आमचे म्हणणे नाही. वर्षाचा सण आहे, ताट भरलेले हवेच. आमचा आठ माणसांचा बेत असा: मटकीची उसळ, वांगी-बटाट्याचा रस्सा, कैरी-कांद्याची चटणी, पुऱ्या, भात आणि गव्हाची खीर. अर्धा किलो मटकी १२ तारखेला सकाळी भिजत घालून रात्री फडक्यात बांधावी. १४ तारखेपर्यंत छान मोड येतात. चैत्रात कैरी ताजी मिळते, दोन पुरतात.

खिरीसाठी दोन वाट्या लापशी रवा तुपावर भाजून सहा वाट्या पाण्यात कुकरला मऊ शिजवावा. त्यात दोन वाट्या गूळ विरघळवून, वेलची घालून उतरवावे. अर्धा लिटर दूध तापवून गार करावे आणि खीर निवल्यावर, वाढण्याच्या वेळी घालावे. गरम खिरीत घातले तर गुळाने दूध फाटते.

आमच्याकडे भाजी चिरणे आमच्याकडे, मटकी धाकट्याकडे, पुऱ्या लाटणे थोरलीकडे. मुलांची आई खीर करते, कारण तिच्यासारखी आम्हांला जमत नाही. नऊ वाजता गॅस बंद करून सारे घर अभिवादनाला निघते. पुऱ्या परत आल्यावर आम्ही तळतो. भांडी ज्याची त्याने घासायची, पाहुण्यांनीसुद्धा!

एक नियम मात्र मोडायचा नाही. मंडईत निघण्याआधी वह्या-पुस्तकांचे पैसे पाकिटात घालून बाबासाहेबांच्या तसबिरीमागे ठेवायचे. उरतील त्यातच बाजार करायचा.

पहिल्या वर्षी असे केले, तेव्हा मुलांच्या आईने स्वतः हार वाहिला. घरी येताना ती म्हणाली, “लग्न झाल्यापासून जयंतीच्या दिवशी पुतळा आज पहिल्यांदा पाहिला.” आम्ही समाजकार्यात इतकी वर्षे भाषणे केली, पण यावर आम्हांला उत्तर सुचले नाही.

बंधूंनो, यंदा आपल्याही घरी विचारून पाहा.

जयभीम!