अर्धशिशीची गोळी शाळेत मिळायला हवी

मुलाने वर्गात ‘डोकं दुखतंय’ म्हटले, की बहुतेक वेळा उत्तर ठरलेले असते: पाणी पी आणि मधल्या सुट्टीपर्यंत थांब. अर्धशिशीत हे थांबणेच महागात पडते. मुलांमध्ये अर्धेच डोके दुखते असे नाही; बऱ्याचदा कपाळ दोन्हीकडून ठणकते, मळमळते, उजेड आणि आवाज नकोसा होतो. शिवाय झटका दोन-तीन तासांत ओसरू शकतो. घरी पोचेपर्यंत मूल हसतेखेळते होते आणि नाटकाचा शिक्का बसतो. डॉक्टरांनी वजन पाहून ठरवलेली आयबुप्रोफेनची मात्रा सुरुवातीलाच दिली तर जास्त उपयोगी पडते. उलट्या सुरू झाल्यावर पोटात गेलेले औषध नीट शोषले जात नाही. म्हणूनच ही गोळी शाळेत ठेवण्याची आणि तासभर शांत, अंधाऱ्या खोलीत पडण्याची मुभा अशा मुलाला लेखी मिळावी.

त्यापेक्षा झटका येऊच नये म्हणून रोजचे औषध द्या, असे कोणी म्हणेल. अमेरिकेत ८ ते १७ वर्षांच्या मुलांवर झालेल्या अशा औषधांच्या चाचणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. डोकेदुखीचे दिवस निम्म्याने किंवा अधिक घटलेली मुले अमिट्रिप्टिलीनच्या गटात ५२ टक्के, टोपिरामेटच्या गटात ५५ टक्के, तर औषध नसलेल्या गोळीच्या गटात ६१ टक्के होती. म्हणजे दुखणे खोटे, असा अर्थ काढणे उतावीळपणाचे. गुडघेदुखीच्या चाचण्यांतही नकली गोळीने बरे वाटतेच. अर्धशिशीच्याच मुलांवरील २०१३ च्या दुसऱ्या एका चाचणीत सगळ्यांना अमिट्रिप्टिलीन होते. त्यासोबत वेदनेशी जुळवून घेण्याचे मानसोपचार मिळालेल्यांपैकी ६६ टक्क्यांना, तर केवळ माहिती मिळालेल्यांपैकी ३६ टक्क्यांना तेवढा फरक पडला. आसपासच्या माणसांनी दुखण्याला कसे घ्यायचे, हाही उपचारच आहे.

शाळांची भीती दोन प्रकारची. मुले सबबी सांगतील, ही पहिली. सांगतील काही, पण अर्धशिशीचे मूल गणिताच्या तासाइतकेच खेळाचा तासही गमावते, हे महिनाभराच्या नोंदींतून कळते. दुसरी भीती जबाबदारीची, आणि ती रास्त आहे. डॉक्टरांची चिठ्ठी, पालकांची सही आणि शिक्षकांकडे तारखेनिशी वही, एवढ्याने ती बरीच हलकी होते. वेदनाशामक आठवड्यात दोन-तीन दिवसांहून जास्त लागू लागले तर गोळीच डोकेदुखीला कारण होऊ शकते. ते घरच्यांच्या आधी या वहीतच दिसेल.