निकाल लागला, आता गाव तुटू देऊ नका

बीड जिल्ह्यातल्या आणि सगळ्या मराठवाड्यातल्या मतदारांनो,

लोकसभेचा निकाल 4 जून 2024 ला लागला. बीडमध्ये रात्री उशिरापर्यंत कुणालाच काही सांगता येत नव्हतं. आघाडी कधी इकडे, कधी तिकडे. शेवटी बजरंग सोनवणे 6,553 मतांनी निवडून आले आणि भाजपच्या पंकजा मुंडे हरल्या. एका बाजूला गुलाल उधळला गेला, दुसऱ्या बाजूला घराघरांत चूल पेटली नाही. इथवर समजण्यासारखं होतं. पण त्यानंतर आपल्याकडे जे सुरू झालंय ते फार वाईट आहे, आणि ते आत्ताच थांबलं पाहिजे, म्हणून हे आवाहन.

सगळ्यात आधी तरुण पोरांबद्दल. निकालाचा धक्का सहन न होऊन काही जणांनी जीव दिल्याच्या बातम्या बीड आणि लातूर जिल्ह्यांतून आल्या. पंकजाताईंनी स्वतः हात जोडून सांगितलं की असं पाऊल कुणी उचलू नका. पोरांनो, ज्यांच्यासाठी तुमचा जीव तुटतोय त्यांचंच ऐका. 2019 मध्ये याच बजरंग सोनवण्यांना पंकजाताईंच्या भगिनी प्रीतम मुंडे यांनी दीड लाखाहून जास्त मतांनी हरवलं होतं. तोच माणूस आज खासदार आहे. पंकजाताई 2019 ला परळीत विधानसभा हरल्या, तरी पाच वर्षांनी लोकसभेला उभ्या राहिल्या. राजकारणात हरलेला पुन्हा उभा राहतो. गेलेलं लेकरू आईला कोण आणून देणार?

ज्यांच्या घरात, तालमीत, मित्रांत कुणी 4 तारखेपासून गप्प झालाय, जेवत नाही, विचित्र बोलतोय, त्याला एकटं सोडू नका. 'होईल बरा दोन दिवसांत' म्हणून टाळू नका. त्याच्याजवळ बसा, त्याला बोलू द्या. 14416 हा टेली-मानस या सरकारी सेवेचा नंबर आहे. दिवसरात्र चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. हा नंबर गावातल्या प्रत्येक ग्रुपवर आजच टाका. गेले दोन आठवडे त्या ग्रुपवर जे फिरतंय त्यापेक्षा तो हजारपट कामाचा आहे.

काय फिरतंय ते तुम्हाला ठाऊक आहे. अमक्या जातीच्या हॉटेलात चहा प्यायचा नाही. तमक्याच्या दुकानातून बियाणं घ्यायचं नाही. ह्यांच्या दवाखान्यात जायचं नाही, त्यांच्या गाडीत बसायचं नाही. एक पोरगं रात्री अकरा वाजता घाणेरडी पोस्ट टाकतं आणि सकाळी बाजारपेठ बंद होते. उमेदवार एक मराठा, एक वंजारी, पण मराठा आणि वंजारी ही बीडमध्ये शेजारच्या घरांची नावं आहेत. एकाच बांधाच्या दोन बाजूंना दोघांची शेतं आहेत, एकाच शाळेच्या एका बाकावर दोघांची लेकरं बसतात. ऑक्टोबर 2023 मध्ये मराठा आरक्षणाच्या आंदोलनात याच जिल्ह्यात घरं पेटली, जमावबंदी लागली. ती राख अजून थंड झालेली नाही. तिच्यावर फुंकर घालणारा माणूस कुठल्याही जातीचा असो, तो आपला नाही.

आता मतांचा हिशेब शांत डोक्याने करून बघा. सोनवण्यांना 6,83,950 मतं, पंकजाताईंना 6,77,397. दोघांची बेरीज साडेतेरा लाखांच्या वर जाते, आणि फरक त्या बेरजेच्या अर्ध्या टक्क्याचाही नाही. जिल्ह्यात दोन हजारांहून जास्त मतदान केंद्रं आहेत. म्हणजे एका केंद्रामागे तीन मतांचा फरक. या तीन मतांसाठी आपण एकमेकांकडे पाणी प्यायचं सोडणार आहोत का? आणि इतक्या मतांत एका जातीने एकालाच मत दिलं असं कसं म्हणता येईल? पंकजाताईंना पावणेसात लाखांवर मतं पडली, ती एका समाजाची नव्हेत. सोनवण्यांची मतंही एका समाजाची नव्हेत. ज्याचं दुकान तुम्ही टाळताय त्याने तुमच्याच उमेदवाराला मत दिलेलं असू शकतं. तुम्ही कधीच ओळखू शकणार नाही, आणि ओळखूही नये. मत गुप्त आहे ते याचसाठी.

इथे एक गोष्ट मला मुद्दाम मांडायची आहे, कारण गावातली निम्मी भांडणं तिच्यातून उठतात. निकालानंतर प्रत्येक केंद्रावर कुणाला किती मतं पडली याचा तक्ता जाहीर होतो. तो हातात आला की कुठल्या गावाने, कुठल्या वस्तीने, कुठल्या तांड्याने 'दगा' दिला याच्या याद्या सुरू होतात. पाच-सातशे मतांच्या केंद्रावर गुप्तता राहते कुठे? मतपत्रिका होत्या तेव्हा अनेक केंद्रांच्या पत्रिका मिसळून मोजण्याची सोय होती. मतदान यंत्रं आली आणि ती सोय गेली. अनेक यंत्रांची मतं एकत्र मोजणारं उपकरण वापरावं, अशी शिफारस विधि आयोगाने 2015 च्या आपल्या 255व्या अहवालात केली. तसा कायदा झाला नाही. माझ्या मते ही मागणी आता बीडमधूनच, दोन्ही समाजांच्या तोंडून, पुढे आली पाहिजे. तोवर तुमच्या गावात तो तक्ता घेऊन कुणी चावडीवर वाचायला बसला तर त्याला थांबवा.

ज्यांना निकालाबद्दलच शंका आहे, त्यांच्यासाठी कायद्याचा रस्ता उघडा आहे. निकालापासून 45 दिवसांत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका दाखल करता येते. उमेदवार ती करू शकतो, मतदारही करू शकतो. शंका असेल तर कागद जमवा, वकील गाठा. पेटवलेलं टायर कुठल्याही मताची फेरमोजणी करत नाही.

देशातही या वेळी कुणाला निखळ आनंद मिळालेला नाही. भाजप 240 वर थांबला, बहुमताला 272 लागतात. मित्रपक्षांसह आकडा 293 झाला आणि 9 जूनला शपथविधी झाला. विरोधकांच्या आघाडीला 234 मिळाले, सत्ता मिळाली नाही. जिंकलेले हिरमुसले आणि हरलेल्यांनी पेढे वाटले. मराठवाड्यातल्या आठ जागांपैकी छत्रपती संभाजीनगर सोडून सातही विरोधी आघाडीकडे गेल्या. म्हणजे बीडचा खासदार विरोधी बाकावर आणि दिल्लीत सरकार दुसऱ्यांचं. नगर-बीड-परळी रेल्वेचा उरलेला मार्ग, पाणी, ऊसतोड कामगारांची हलाखी, यातलं काहीही करून घ्यायचं असेल तर निवडून आलेल्या आणि पडलेल्या दोघांनाही एकत्र जोर लावावा लागेल. आपण इथे एकमेकांची तोंडं बघायची नाहीत म्हटल्यावर ते तरी कशाला एकत्र येतील?

आणि दिवस कुठले आहेत ते बघा. गेलं वर्ष दुष्काळाचं गेलं. धारूर, वडवणी, अंबाजोगाई हे तालुके सरकारनेच दुष्काळी जाहीर केले होते. आता मृग लागलाय. कापूस, सोयाबीन टाकायचं आहे. बियाणं उधारीवर आणायचं, कुणाचा बैल मागायचा, कुणाचं ट्रॅक्टर आधी आपल्या रानात लावून घ्यायचं, सावड करायची, हे सगळं शेजाऱ्याच्या भरवशावर चालतं. चार महिन्यांनी कोयते घेऊन लाखो माणसं कारखान्यांच्या वाटेला लागतील. फडात पाचटाच्या कोपीत बाळंतपण निघालं तर शेजारच्या कोपीतली बाई धावते. ती जात विचारत नाही. तिला ते शिकवायचं काम आत्ता जे करताहेत त्यांना ओळखून ठेवा. विधानसभा जवळ आलीय, आणि ही फूट कुणाला तरी तेव्हा हवी आहे.

सोनवणे साहेब, पंकजाताई, तुम्हा दोघांना हात जोडून सांगणं आहे. पत्रकं काढून हे थांबणार नाही. दोघांनी एका गाडीत बसून, ज्या गावांत जास्त ताण आहे त्या गावांत जावं. भगवानगड आणि नारायणगड या दोन्ही गडांवरच्या महाराज मंडळींनीही बोलावं. भगवानबाबा नारायणगडाच्याच परंपरेत घडले, हे इथल्या प्रत्येक माळकऱ्याला माहीत आहे. आषाढी तोंडावर आहे. दिंड्या निघायच्या आत दोन्ही गडांवरून एकच शब्द खाली आला तर लोक तो मोडणार नाहीत.

जिंकलेल्या बाजूच्या पोरांनो, कुणाच्या दारासमोर डीजे थांबवू नका आणि पडलेल्या बाईबद्दल वेडंवाकडं लिहू नका. हरलेल्या बाजूच्या पोरांनो, राग शेजाऱ्यावर काढू नका. ग्रुप चालवणाऱ्यांनो, जातीचं नाव घेऊन आलेली प्रत्येक पोस्ट काढा, टाकणाऱ्याला फोन करा, ऐकलं नाही तर पोलिसांना कळवा. सरपंचांनो, या आठवड्यात गावची बैठक घ्या आणि बहिष्काराची जी काही भाषा झाली असेल ती सगळ्यांसमोर मागे घ्या. माय-बहिणींनो, घरातला पोरगा मोबाईलवर काय लिहितोय ते विचारा.

आणि ज्या घरी तुम्ही 4 जूनपासून गेला नाहीत, त्या घरी आज संध्याकाळी जा.