शिवनेरीच्या पायथ्याशी सगळा इतिहास लिहा

माझं माहेर जुन्नर तालुक्यातलं वारूळवाडी, संसार इंग्लंडात. आपला कायदा दुहेरी नागरिकत्व देत नाही, म्हणून ब्रिटनची नागरिक झाल्यावर मी भारतीय पासपोर्ट परत केला. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून शिवनेरी युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला, तेव्हा परक्या मुलखात बसून मला भरून आलं. आता गडावर जगभरातून माणसं येतील. त्यांना आणि आपल्या पोरांना जुन्नरचा इतिहास अर्धाच दाखवू नये, यासाठी हे मुद्दे.

१. ब्रिटनचं नागरिकत्व घेताना २४ प्रश्नांची परीक्षा असते. तिच्या सरकारी पुस्तकात साम्राज्य कसं बहुतांशी सुरळीतपणे आवरलं गेलं, असं शिकवतात. ते पाठ करताना माझा संताप झाला, कारण फाळणीत मेलेल्यांना त्या वाक्यात जागाच नाही. २०२० साली ब्रिटनमधल्याच शंभराहून अधिक इतिहासकारांनी या पुस्तकावर जाहीर आक्षेप घेतला. त्याच वर्षी ब्रिस्टलमध्ये गुलामांचा व्यापारी कोल्स्टन याचा पुतळा लोकांनी बंदरात ढकलला. आज तो संग्रहालयात आडवा ठेवलेला आहे, अंगावरच्या रंगासकट. इंग्रजांनी आपला भूतकाळ खरा सांगावा, असं मी त्यांच्या देशात राहून मागते. मग माझ्या गावाकडे हीच मागणी कोणत्या तोंडाने टाळू?

२. इंग्लंडात माझ्या शेजारी एक बंगाली बाई राहतात. त्यांच्या आजीने लहानपणी त्यांना बर्गी येतील अशी भीती घालून झोपवलेलं. बर्गी म्हणजे आपले बारगीर. १७४२ पासून जवळजवळ दहा वर्षं नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा बंगालवर जात होत्या. कलकत्तेकरांनी त्या धास्तीने शहराभोवती खंदक खोदला. गंगाराम नावाच्या बंगाली कवीने त्या लुटीवर ‘महाराष्ट्र पुराण’ रचलं. अटकेपार झेंडे शाळेत शिकलेल्या मला हे कोणी शिकवलं नव्हतं. बाई रागावून बोलल्या नाहीत, पण ऐकताना मान खाली गेली. शिवछत्रपतींनी रयतेला काडीचाही त्रास देऊ नका म्हणून सैन्याला बजावलं होतं. त्यांच्या पश्चात ती शिस्त कुठे गेली, हे विचारणं महाराजांचा मान राखणंच आहे.

३. पुराव्याने इतिहास बदलला तर अभिमान ढासळतो, ही भीती खोटी आहे, आणि त्याचा दाखला खुद्द शिवजन्माचाच आहे. पूर्वी जन्मसाल १६२७ धरत. लोकमान्य टिळकांनी १९१६ साली जेधे शकावली प्रसिद्ध केली, तिच्यात फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ ही तिथी निघाली. ‘शिवभारता’ने तिला दुजोरा दिला. पुढे सरकारनेही १९ फेब्रुवारी १६३० मान्य केली. तिथी की तारीख हा वाद आजही चालतो, पण गडावरची गर्दी कमी झाली का? वाघनखांचंही तसंच. २०२४ मध्ये ती लंडनहून साताऱ्याला आली. महाराजांनी हीच वापरली याचा खात्रीचा पुरावा नाही, असं ती देणाऱ्या संग्रहालयाने आधीच सांगितलं होतं. तरी माणसं भक्तीने पाहायला गेली.

४. जुन्नरात सांगण्यासारखं किती आहे! इथल्या लेण्यांत इरिल, चिट, चंद या यवनांची (म्हणजे बहुधा ग्रीकांची) दानं ब्राह्मीत कोरलेली आहेत. परदेशातून आलेल्या लोकांनी भिक्षूंना पाण्याची टाकी दिली, भोजनमंडप दिला. १४९० साली मलिक अहमदने निजामशाही उभारली ती जुन्नरहून. पुढे ती सावरली मलिक अंबरने, जो इथिओपियात जन्मला आणि गुलाम म्हणून विकला गेला होता. १६२४ साली भातवडीला शहाजीराजे त्याच्याच बाजूने लढले. गडावर कोळी चौथरा आहे, मुघलांविरुद्ध उठलेल्या महादेव कोळ्यांच्या कत्तलीची खूण. आणि ज्या गडावर महाराज जन्मले, तो त्यांना हयातीत स्वराज्यात आणता आला नाही. हे वाचून माझा आदर वाढला.

५. ‘तू तर गेलीस, तुला काय त्याचं?’ असं मला गावात ऐकवलं जातं. रोजचं सोसणं माझ्या वाट्याला नाही, हे खरं आहे. पण द्राक्षबागांत आणि नारायणगावच्या टोमॅटो बाजारात बाहेरून राबायला येणाऱ्यांची पोरं आपल्याच शाळांत बसतात. यवनांचे लेख नि अंबरची गोष्ट त्यांनी ऐकली, तर हा गड त्यांनाही आपला वाटेल. इंग्लंडात माझ्या मुलाला शाळेच्या इतिहासात आपली माणसं सापडत नाहीत, तेव्हा काय होतं ते मी पाहिलंय.

६. मतभेद कसा करायचा, तेही ठरवायला हवं. अमेरिकी अभ्यासक जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांवरच्या पुस्तकातला जिजाऊंबद्दलचा मजकूर मलाही संतापजनक वाटला. पण त्या रागातून ५ जानेवारी २००४ ला पुण्याच्या भांडारकर संस्थेवर हल्ला झाला, तेव्हा नासधूस आपल्याच ठेव्याची झाली.

७. जुन्नर २०१८ पासून विशेष पर्यटन तालुका आहे. फलक होतीलच, तेव्हा त्यांवर पुराव्याचं नाव लिहा, आणि जिथे वाद आहे तिथे ‘वाद आहे’ असंही मराठीत लिहा. वारूळवाडीपासून जुन्नर जेमतेम पंधरा किलोमीटर. शाळेची सहल गडावर जाते, तिच्यात लेणी, कोळी चौथरा आणि हापूसबागेतला सौदागर घुमट धरा. १ मेच्या ग्रामसभेत हा विषय कोणीतरी मांडावा. मुलांच्या गाडीभाड्याला मी हातभार लावीन.